टूथब्रश स्वच्छ ठेवायचा म्हणजे आधी तो कोरडा ठेवायचा

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. वन बीएचके घर, संडास-बाथरूम एकत्र, बेसिनही आतच. चौघांचे ब्रश एका स्टीलच्या पेल्यात उभे असतात. पेल्याच्या तळाला गुलाबी, बुळबुळीत थर धरतो. परवा रात्री लाइट लावला तर ब्रशवर झुरळ बसलेलं. यजमानांचं म्हणणं, रोज ब्रश उकळत्या पाण्यात बुडवू या. मुलीने ऑनलाइन एक यूव्ही, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील प्रकाशाच्या, दिव्याची पेटी बघून ठेवली आहे, दीड-दोन हजारांची. घरात सासूबाई आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि खालची-वरची कवळी आहे. पुढचे दोन-तीन दात अजून स्वतःचे आहेत. तर नक्की काय करावं?

ताई, आधी करायचं काय ते सांगते. ब्रश उकळू नका आणि ती पेटीही घेऊ नका. चौघांचे ब्रश बदला, पेला बदला, ब्रश ठेवायची जागा बाथरूमच्या बाहेर न्या आणि एका वापरापासून दुसऱ्या वापरापर्यंत ब्रश खडखडीत वाळेल एवढं बघा. सासूबाईंचं प्रकरण थोडं वेगळं आहे, ते सगळ्यात शेवटी लिहिते. आता हे असं का, ते सविस्तर.

माणसांच्या तोंडात मिळून सातशेच्या आसपास प्रकारचे जीवाणू सापडलेले आहेत. एकेकाच्या तोंडात त्यातले शे-दोनशे प्रकार सहज नांदतात. ब्रश केला की त्यातले लाखो ब्रशवर येणारच, त्याचं कामच ते आहे. हे जीवाणू तुमचेच, तुमच्या तोंडाला सवयीचे. त्यामुळे ठणठणीत माणूस स्वतःच्याच ब्रशमुळे आजारी पडतो, असा पुरावा नाही. अमेरिकेतली सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी आणि तिथली डेंटल असोसिएशन, दोघांचाही घरगुती सल्ला म्हणूनच अगदी साधा आहे: वापरल्यावर नळाखाली नीट धुवा, उभा ठेवा, उघड्यावर वाळू द्या, दुसऱ्याच्या ब्रशला चिकटवू नका, तीन-चार महिन्यांनी बदला. निर्जंतुक करायची गरज नाही.

सल्ला मलाही मान्य आहे. पण माझा दवाखाना रत्नागिरीत आहे, आणि ‘उघड्यावर वाळू द्या’ हे वाक्य इथे जुलैमध्ये जसंच्या तसं चालत नाही. पावसाळ्यात किनारपट्टीला हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. धुतलेली बनियन दोन दिवस दोरीवर ओली राहते, तिथे दाट केसांचा ब्रश बंद बाथरूममध्ये बारा तासांत कसा वाळणार? ठाणे-डोंबिवलीचं चित्र फारसं वेगळं नाही. त्यात बाथरूमला एवढीशी खिडकी, सकाळी चौघांच्या आंघोळीची वाफ, मग वॉशिंग मशीन. म्हणून मी पेशंटना निर्जंतुक करण्याच्या गोष्टी न सांगता वाळवण्याच्या सांगते. दातांवर वाढणारे बरेचसे जीवाणू कोरड्यात तग धरत नाहीत. ओलावा आणि वर पेस्टचा-अन्नाचा कण मिळाला, की तेच वाढतात आणि त्यांच्यात बाहेरचे, बाथरूममधले, येऊन मिसळतात.

आपल्या आजीच्या काळी बाभळीचं किंवा कडुनिंबाचं दातण चावून झालं की फेकून द्यायचे. रोज नवं, त्यामुळे ठेवायचा प्रश्नच नव्हता. पुढे ब्रश आले तेव्हा त्यांना डुकराचे राठ केस असायचे. ते पाणी धरून ठेवायचे, लवकर वाळायचे नाहीत आणि जीवाणूंना बरं घर मिळायचं. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला आणि हे बरंच सुधारलं. नायलॉन वाळतो, पण वाळायला वाव दिला तर.

आता धुण्याबद्दल, कारण बहुतेकांचं चुकतं ते इथेच. ब्रश झाला की एकदा नळाखाली धरतात आणि पेल्यात टाकतात. तुमचा आत्ताचा ब्रश उजेडात नेऊन केस दोन बोटांनी बाजूला करा आणि अगदी मुळाशी बघा. जिथे केसांचा झुपका प्लास्टिकमध्ये शिरतो तिथे पांढरट, कधी पिवळसर, वाळलेली रेघ दिसेल. ती पेस्टमधली पांढरी पूड, लाळ आणि अन्नाचे बारीक कण यांची साठण आहे. वरून केस कितीही स्वच्छ दिसोत, ओल धरून बसते ती या मुळाशी. त्यामुळे ब्रश केस खाली करून वाहत्या पाण्यात धरा आणि स्वच्छ अंगठ्याने केस मागे-पुढे, आडवे-उभे दाबत राहा, पेस्टचं पांढरं पाणी यायचं थांबेपर्यंत. अर्धा मिनिट पुरतो. मग मनगटाने पाच-सहा वेळा जोरात झटका. बेसिनच्या कडेवर आपटू नका. त्या कडेवर सगळ्यांच्या चुळा उडालेल्या असतात. आणि ब्रश हातात घेण्याआधी हात धुवा, सकाळी संडासहून आल्यावर तर नक्कीच. ब्रशवरची बाहेरची घाण बरीचशी हातातूनच येते.

पाण्याचंही बघा. टाकीला गढूळ पाणी येत असेल, टँकरचं किंवा बोअरवेलचं असेल, तर शेवटची चूळ आणि ब्रशवरचं शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. एक पेलाभर पुरे होतं.

वाळवायला जागा कुठली? तुमच्याकडे बेसिन आत आहे, पण ब्रश आत राहिलाच पाहिजे असं नाही. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीवर, पंख्याचा वारा पोचेल अशा ठिकाणी, साधा भिंतीचा स्टँड लावा. चार वेगळे खाचे असलेला, खालून उघडा किंवा भोकं असलेला. पाणी खाली टपकून जाईल आणि चौघांची डोकी एकमेकांना लागणार नाहीत. जुन्या घरांतून बेसिन पॅसेजमध्ये किंवा जेवणाच्या टेबलाशेजारी असायचं, ती रचना या बाबतीत फार चांगली होती.

ब्रश बाहेर न्यायचं दुसरं कारण म्हणजे फ्लश. चार्ल्स गर्बा नावाच्या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दाखवलं की फ्लश केल्यावर भांड्यातून बारीक तुषार उडतात, काही वेळ हवेत तरंगतात आणि बाथरूमभर वस्तूंवर बसतात. झाकण लावून फ्लश करा, असा सल्ला तेव्हापासून दिला जातो. २०२४ मध्ये त्यांच्याच गटाने विषाणूंवर पुन्हा मोजमाप केलं तेव्हा झाकण लावल्याने फारसा फरक पडला नाही, असं निघालं. आणि आपल्याकडच्या देशी भांड्याला तर झाकणच नसतं. यातून रोज कुणी आजारी पडतं असं मी म्हणत नाही. पण ब्रश चार पावलं बाहेर ठेवून हा विषय कायमचा मिटत असेल, तर तो मिटवावा. शिवाय संडास साफ करायचं ॲसिड, फिनेल, साबणाचं पाणी यांचे शिंतोडेही चुकतात.

पावसाळ्यासाठी माझा सगळ्यात आवडता उपाय म्हणजे माणशी दोन ब्रश. एक सकाळचा, एक रात्रीचा, वेगळ्या रंगाचे. सकाळचा ब्रश पुढच्या सकाळपर्यंत चोवीस तास मोकळा राहतो, रात्रीचा तसाच. खर्च वाढतो असं वाटेल, पण वापर निम्मा झाल्याने दोन्ही जास्त दिवस टिकतात. ब्रश वाळला की नाही हे बघायची सोपी खूण सांगते. तोंडात घालण्याआधी धुतलेल्या, पुसलेल्या कोरड्या अंगठ्याने केस एकदा उलटे खेचून सोडा. बारीक तुषार उडाले किंवा अंगठा ओलसर लागला, तर जागा चुकली आहे. स्टँड आणखी हवेशीर ठिकाणी न्या, किंवा झटकल्यावर ब्रशचं डोकं टिश्यू पेपरवर दाबून मग ठेवा. घरातल्या सगळ्यांनी हात पुसलेला टॉवेल यासाठी वापरू नका.

ऊन असेल तेव्हा ब्रशला तासभर ऊन दाखवायला माझी काहीच हरकत नाही. आपण डाळी-मसाल्यांना, गाद्यांना दाखवतोच. फक्त दिवसभर खिडकीत विसरू नका. धूळ बसते, कबुतरं येतात आणि सततच्या उन्हाने प्लास्टिक कडक पडतं.

टोपीबद्दल मात्र मला पाश्चात्त्य सल्ल्यात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. तिकडे सांगतात ब्रश झाकूच नका, आणि त्यामागचं कारण बरोबर आहे: ओल्या ब्रशवर बंद टोपी लावली की आत ओल कोंडते. ओला डबा झाकण लावून ठेवला तर दुसऱ्या दिवशी जो वास येतो, तोच प्रकार. पण झुरळांचं काय करायचं, हे तो सल्ला लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसावं. झुरळाला रात्री पाणी आणि खरकटं हवं असतं, ब्रशवर दोन्ही मिळतं, आणि गटारातून फिरून आलेल्या त्याच्या पायांवर जुलाब लावणारे जीवाणू असतात. घरात झुरळं असतील तर ब्रश उघडा ठेवणं मला पटत नाही. रात्री ब्रश करून, झटकून, झोपेपर्यंत पंख्याखाली उघडा ठेवा आणि दिवे मालवताना भोकं असलेली टोपी लावा. जाळीदार झाकणाचा स्टँड मिळाला तर आणखी चांगलं. बिनभोकाची टोपी फक्त प्रवासापुरती, आणि मुक्कामी पोचल्या पोचल्या ती काढायची. ज्या ब्रशवर झुरळ बसलेलं तुम्ही पाहिलंत तो टाकून द्या. धुऊन वापरायचा विचार नको. मूळ बंदोबस्त म्हणजे बाथरूमच्या मोरीच्या तोंडाला बारीक जाळी आणि सिंकखाली झुरळं मारायचं जेल. स्प्रे मारायचा असेल तर ब्रश आधी दुसऱ्या खोलीत न्या.

तो गुलाबी थरही सांगून टाकते. ओल्या जागी वाढणारे काही जीवाणू असा गुलाबी रंग धरतात. सेराशिया हा त्यातला नेहमी भेटणारा. बादलीच्या कडेला, टाइल्सच्या फटीत दिसतो तोच. पेल्याच्या तळाशी चार ब्रशांचं पाणी गळत राहतं, तिथे त्याला आयतंच मिळतं, आणि ब्रशची मूठ रोज त्यात उभी असते. तीच मूठ तुम्ही हातात धरता. पेला हवाच असेल तर रोज रिकामा करून उलटा टाका आणि आठवड्याला भांड्यांच्या साबणाने, गरम पाण्याने घासून उन्हात ठेवा. पण स्टँड बरा.

आता उकळत्या पाण्याचा मुद्दा. यजमानांचा हेतू चांगला आहे, पण ब्रशचे केस नायलॉनचे असतात. उकळत्या पाण्यात ते मऊ पडतात, वाकतात आणि पुन्हा ताठ होत नाहीत. आठवडाभर रोज असं केलं तर ब्रश जंतूंविना असेल, पण दातावरचा थर काढायच्या कामाचा राहणार नाही, आणि कीड व हिरड्यांचे आजार होतात ते त्या न निघालेल्या थरामुळे. मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचे व्हिडिओही फिरतात. ते करू नका. केसांचा प्रत्येक झुपका आत धातूच्या छोट्या पट्टीने अडकवलेला असतो, ठिणगी उडू शकते.

यूव्हीच्या पेटीत जंतू कमी होतात हे खरं आहे. पण प्रकाश जिथे पोचतो तिथेच तो काम करतो, आणि केसांच्या मुळाशी, जिथे साठण असते, तिथे एका केसाची सावली दुसऱ्यावर पडते. वर पेटी बंद असेल आणि ब्रश ओला, तर ओल कोंडली जाते ते वेगळंच. त्या दीड-दोन हजारांत चौघांचे वर्षभराचे ब्रश येतात आणि वर पैसे उरतात.

एका सवयीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे: दुसऱ्याचा ब्रश वापरणं. ‘नवराबायकोच आहोत’, ‘आईचाच तर आहे’, ‘पाहुणे आले होते, त्यांचा राहिला म्हणून दिला’ हे मी नेहमी ऐकते. हिरडीतून थोडंसं रक्त येणं फार लोकांना असतं आणि ते त्यांना जाणवतही नाही. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. हिपॅटायटिस सी मध्येही रुग्णाचा ब्रश आणि रेझर वेगळा ठेवायलाच सांगतात. हॉस्टेलच्या मुलांना तर हे बजावून सांगा. लहान बाळाच्या बाबतीत आणखी एक: दात किडवणारे जीवाणू बाळाला बहुतेक वेळा घरातल्या मोठ्यांच्या लाळेतून मिळतात. त्याचा ब्रश वेगळा, तुमच्या ब्रशला न टेकणारा. पेस्टच्या ट्यूबचं तोंडही प्रत्येकाच्या ब्रशला घासलं जातं. थोडी वरून सोडायची सवय लावा, किंवा घरात कुणी आजारी असेल तेवढे दिवस त्याची ट्यूब वेगळी करा.

सर्दी-ताप होऊन गेल्यावर ब्रश बदलावा का, हे प्रत्येक आई विचारते. स्वतःच्याच ब्रशमुळे तीच सर्दी परत होत नाही, कारण शरीराने त्या विषाणूला ओळखलेलं असतं. घशाच्या स्ट्रेप संसर्गाबद्दल २०१३ मध्ये टेक्सासमध्ये मुलांचे ब्रश तपासले गेले होते. तो जीवाणू फक्त एका ब्रशवर सापडला, आणि तो ब्रश स्ट्रेप नसलेल्या मुलाचा होता. तेव्हा धास्ती नको. पण आजारपणात तो ब्रश इतरांच्या ब्रशांपासून लांब ठेवा, आणि तोंडात बुरशी झाली असेल, म्हणजे जिभेवर-गालात पांढरे पुसले जाणारे डाग, तर उपचार सुरू करताना एकदा आणि संपल्यावर एकदा ब्रश बदला.

एरवी बदलायचा तीन-चार महिन्यांनी. तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मी सण सांगते: गुढीपाडवा, आषाढी एकादशी, दसरा, संक्रांत. साधारण तीन-तीन महिन्यांच्या अंतराने येतात. पूजेचं सामान आणताना ब्रश आणायचे. त्याआधीच केस बाहेर फाकले असतील तर वाट बघू नका. आणि महिन्याभरातच फाकत असतील तर तुम्ही फार दाबून घासताय, ते दाखवून घ्या. बांबूच्या मुठीचा ब्रश वापरत असाल तर मूठ काळी पडतेय का बघत राहा, ती बुरशी असते. कोकणात पावसाळ्यात तो मी सुचवत नाही. बॅटरीच्या ब्रशचं डोकं रोज काढून आतला दांडा पुसा, तिथे काळपट चिकटा साचतो. नाडी घालायला, पैंजण घासायला, केस रंगवायला ठेवलेला जुना ब्रश स्टँडच्या आसपासही नको; त्याची मूठ अर्धी तोडून टाका म्हणजे चुकून कुणाच्या तोंडात जाणार नाही.

आता सासूबाई. मधुमेह, केमोथेरपी, किडनी बदललेली, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू, अशा लोकांची प्रतिकारशक्ती कमी असते. ब्रश करताना, विशेषतः हिरड्या सुजलेल्या असतील तर, थोडे जीवाणू रक्तात जातात. निरोगी शरीर ते लगेच निपटून काढतं, यांना ते जड जाऊ शकतं. म्हणून ब्रश भिजवण्याचा उपाय मी फक्त अशांनाच सांगते. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश एका छोट्या वाटीत, ब्रशचं डोकं बुडेल एवढंच, पंधरा-वीस मिनिटं. मग धुऊन, झटकून वाळत ठेवायचा. द्रावण दर वेळी ताजं, आणि त्या वाटीत फक्त त्यांचाच ब्रश. सगळ्यांचे ब्रश एकाच औषधात बुडवले तर एकाचं दुसऱ्याला लागायची सोय होते. हायड्रोजन पेरॉक्साइडही चालतं, पण तीन टक्क्यांचं. आपल्याकडे केमिस्टकडे बऱ्याचदा सहा टक्क्यांची बाटली मिळते, लेबल वाचून तेवढंच पाणी घाला. केमोथेरपी चालू असलेल्यांनी मात्र काहीही सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायचं.

कवळीसाठी वेगळा ब्रश हवा. स्वतःच्या दातांचा ब्रश कवळीला आणि कवळीचा दातांना नको, कारण कवळीवर बुरशी सहज धरते आणि मधुमेहात तर आणखी सहज. कवळी रात्री काढायची, पेस्टऐवजी साध्या साबणाने घासायची. पेस्टने चरे पडतात आणि त्या चऱ्यांत पुन्हा थर बसतो. मग साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात कधीच नाही, ती वाकते. डब्यातलं पाणी रोज बदलायचं आणि डबासुद्धा रोज घासायचा, नाहीतर पेल्यातला तो गुलाबी थर तिथे येईल. त्यांच्या टाळूवर कवळीच्या आकाराची लाली दिसते का, तेवढं एकदा टॉर्च मारून बघा. दिसली तर ब्रश बदलण्यावर न थांबता त्यांना जवळच्या डेंटिस्टकडे घेऊन जा.